पोराचा खेळ, घराचा डाव

कल्याणमधल्या एका मैदानावर ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. भंडारी चषक ही आंतरशालेय स्पर्धा तोवर ठाणे जिल्ह्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. १८९९ साली इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने केलेल्या नाबाद ६२८ धावांचा शंभरहून अधिक वर्षं टिकलेला विक्रम त्याने मोडला आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत प्रणवचा फोटो होता. सीमारेषा जवळ होती आणि समोरच्या संघाला दोन डाव मिळूनही शंभरी गाठता आली नव्हती. हा तपशीलही छापून आला, पण तळाच्या ओळींत. वरच्या ओळींत ‘रिक्षाचालकाचा मुलगा’ आणि ‘पुढचा सचिन’ होता. मुंबई क्रिकेट संघटनेने पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी त्याच रिक्षाचालक वडिलांनी संघटनेला पत्र लिहून कळवलं की मुलाकडून कामगिरी होत नाही, तेव्हा ही शिष्यवृत्ती थांबवावी.

‘पालकांचा दबाव’ या विषयाची सुरुवात मी मुद्दाम अशा बापापासून केली आहे ज्याने पोराच्या खांद्यावरचं ओझं उतरवायचा प्रयत्न केला. कारण या विषयात खलनायक आधीच ठरलेला असतो. सीमारेषेवरून ओरडणारा बाप, नाहीतर तलावाच्या काठावर स्टॉपवॉच घेऊन उभी असलेली आई. अशी माणसं असतात, त्यातली काही धोकादायकही असतात, आणि त्यांच्याविषयी पुढे येईलच. पण त्यांना चार शब्द सुनावले की काम झालं, असं मानण्यात आपली सोय आहे. आपल्याकडे लहान मुलाचा खेळ हा घराने एकट्याच्या जिवावर लावलेला डाव होऊन बसला आहे. पैसा घराचा, वेळ घराचा, जोखीम घराची. निकाल मात्र चौदाव्या वर्षी हवा, हा हट्ट बाहेरच्या व्यवस्थेचा. ही घाई बापाच्या तोंडून बाहेर पडते म्हणून ती त्याचीच आहे असं वाटतं.

हे नेहमीच असं नव्हतं. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिम्पिकला निघाले तेव्हा गोळेश्वर गावाने आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी जमवली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. एका कुस्तीगीराची जोखीम गाव आणि मास्तर यांनी वाटून घेतली होती. सरकारने हात आखडला म्हणून ही वेळ आली हे खरंच, त्यात गौरव करण्यासारखं काही नाही. तरीही हरून परतले असते तर खाशाबांना एकट्या घराला तोंड दाखवायचं नव्हतं, आणि घरालाही एकट्याने ते नुकसान सोसायचं नव्हतं.

आज ती जोखीम कुठे येऊन पडली ते बघायला सुट्टीच्या दिवशी सकाळी मुंबईच्या आझाद मैदानावर जावं. एका खेळपट्टीचा कव्हर दुसरीच्या मिडविकेटला पाठ लावून उभा, असे एकात एक गुंतलेले सामने. आणि कडेने, झाडाच्या सावलीच्या तुकड्याप्रमाणे सरकत जाणारी पालकांची रांग. पायाशी मुलाएवढी किटबॅग, तिच्यावर डबा, ओला नॅपकिन, इलेक्ट्रॉलची बाटली. कुणी मोबाइलवर प्रत्येक चेंडूचं शूटिंग करतो, ते रात्री खासगी कोचला पाठवायचं असतं. कुणी स्कोअररच्या टेबलामागे घुटमळत वहीत डोकावतो. चौकार गेला की टाळी वाजते आणि त्या टाळीतूनच कोण कुणाचा बाप ते कळतं. मुलगा बाद झाला की आधी काही क्षण तो मान वर करत नाही. मग पॅव्हेलियनकडे, म्हणजे त्या तंबूकडे, चालताना त्याची नजर कर्णधाराकडे जात नाही, सरांकडेही जात नाही. ती थेट कडेच्या रांगेतला एक चेहरा शोधते. या मैदानाबद्दल कुणी कितीही आकडेवारी द्या, मला ती नजर पुरेशी वाटते.

त्या रांगेतल्या बोलण्यात ठरावीक शब्द असतात : सिलेक्शन, प्रोबेबल्स, डावललं, सेटिंग. मुंबईच्या सोळा वर्षांखालच्या संघात पंधरा-सोळा जागा, आणि त्यांच्यासाठी कुलाब्यापासून विरारपर्यंतची मुलं. अकादमीची फी, खासगी कोचची वेगळी फी, पाच आकडी किमतीची इंग्लिश विलोची बॅट आणि मूल वाढलं की पुन्हा नवी बॅट. मैदानाजवळ राहता यावं म्हणून स्वतःचं घर भाड्याने देऊन दुसरीकडे भाड्याने राहणारी कुटुंबं मुंबई-पुण्यात कमी नाहीत. नोकरीच्या वेळा बदलून घेतलेल्या असतात, धाकट्या बहिणीचा क्लास पुढे ढकललेला असतो. हे सगळं मूल बघत असतं. त्याला कुणी ‘तुझ्यासाठी आम्ही किती केलं’ असं म्हणायची गरजच उरत नाही.

यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत ट्रॅव्हिस डोर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबाच्या उत्पन्नातला किती वाटा मुलाच्या खेळावर जातो आणि मुलाला काय वाटतं, याची सांगड घालून पाहिली. वाटा जितका मोठा, तितका मुलाला दबाव जास्त जाणवतो, खेळातली मजा कमी होते आणि पुढे खेळत राहण्याची इच्छाही उतरते. डॅनिअल गूल्ड यांनी ज्युनिअर टेनिसच्या प्रशिक्षकांना विचारलं तेव्हा त्यांच्या अंदाजाने सुमारे ५९ टक्के पालकांचा मुलांच्या खेळाला फायदा होत होता आणि ३६ टक्क्यांमुळे नुकसान. म्हणजे बहुतेक आईबाप बरे असतात. पण तीनांत एक ही काही अपवादाची संख्या नव्हे.

ब्रूस ब्राऊन आणि रॉब मिलर या दोन अमेरिकन प्रशिक्षकांनी तर वर्षानुवर्षं कॉलेजातल्या खेळाडूंना एकच साधा प्रश्न विचारला : लहानपणीच्या खेळातली नकोशी वाटणारी आठवण कोणती? पराभव, दुखापत, बाकावर बसावं लागणं ही उत्तरं आली असती तर नवल नव्हतं. वारंवार आलेलं उत्तर होतं, सामना संपल्यावर आईवडिलांबरोबर गाडीतून घरी जाणं. आपल्याकडे गाडीच्या जागी स्कूटर येते. मुलगा मागे बसलेला, हेल्मेट घातलेलं, किटबॅग आडवी. सिग्नलला स्कूटर थांबली की पुढून वाक्य येतं : “तो बॉल सोडायचा होता ना?” मुलाला उत्तर देता येत नाही, उतरता येत नाही. सिग्नल सुटतो, पुढच्या सिग्नलला पुढचं वाक्य. बापाचा हेतू वाईट नसतो. उलट आठवडाभर ऑफिसात असलेल्या माणसाला पोराशी बोलायला मिळालेली ही एकमेव अर्धी घटका असते. त्याच पाहणीत असंही दिसलं की मुलांना आजी-आजोबा सामना बघायला आलेले आवडत. ते येतात, बघतात, खाऊ देतात, आणि फूटवर्कबद्दल काही बोलत नाहीत.

आता ज्या गोष्टी सांगून आपण या दबावाला प्रतिष्ठा देतो त्यांच्याकडे वळू. युवराज सिंग शाळेत असताना रोलर स्केटिंगमध्ये पदकं मिळवत होता. वडील योगराज स्वतः भारतासाठी एक कसोटी आणि सहा एकदिवसीय सामने खेळलेले. त्यांनी स्केटिंगचं पदक फेकून दिलं आणि पोराला क्रिकेटला जुंपलं. २००७ आणि २०११ च्या विश्वचषकांनंतर ही हकिगत टीव्हीवर हसत हसत सांगितली जाते आणि ऐकणारेही हसतात. आंद्रे आगासीच्या वडिलांनी घरामागच्या कोर्टावर चेंडू फेकणारं यंत्र स्वतः दुरुस्त करून अधिक जोरकस बनवलं होतं. पोराने त्याला ‘ड्रॅगन’ नाव दिलं होतं. आठ ग्रँडस्लॅम जिंकलेल्या या माणसाने २००९ च्या आत्मचरित्रात आपण टेनिसचा द्वेष करत आलो असं लिहिलं, तेव्हा वाचकांना धक्का बसला. ‘दंगल’ हा कुस्तीवरचा चित्रपट २०१६ मध्ये आला आणि महावीरसिंग फोगट घराघरांत पोहोचले. त्यांची मुलगी गीता हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेलं असल्यामुळे पडद्यावरच्या बापाने मुलींचे केस कापले तेही आपण माफ करून टाकलं.

या गोष्टींत फसवणूक आहे ती मोजणीची. ज्या पोराचं पदक फेकलं गेलं आणि जो पुढे काहीच झाला नाही, त्याला मुलाखतीला कोण बोलावतं? त्याच्या बापाला कुणी ‘द्रष्टा’ म्हणत नाही, तो शेजारपाजारी ‘तापट’ एवढाच राहतो. पद्धत दोघांचीही तीच होती.

याच्या उलट उदाहरण म्हणून तेंडुलकरांचं घर सांगितलं जातं, आणि तिथेही हीच सावधगिरी बाळगायला हवी. एका घरावरून नियम निघत नाही. तरी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. अजित तेंडुलकरने धाकट्या भावाला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे नेलं तेव्हा सर जवळ उभे असल्याने सचिनला नीट खेळताच येईना. अजितने सरांना विनंती केली : तुम्ही गेल्यासारखं दाखवा आणि लांबून बघा. सर दूर झाडाआड गेले, पोरगा मोकळेपणाने खेळला, प्रवेश मिळाला. आचरेकर काही मवाळ गुरू नव्हते. सामना सोडून दुसऱ्यांचा खेळ बघत बसल्याबद्दल त्यांनी सचिनच्या मुस्काटात दिल्याची गोष्ट तो स्वतःच सांगतो, आणि त्या थपडेचा गौरव मला अजूनही पटत नाही. पण घर मात्र मैदानापासून लांब राहिलं. वडील रमेश तेंडुलकर प्राध्यापक आणि कवी. आईने मुलाला मैदानावर प्रत्यक्ष खेळताना पहिल्यांदा पाहिलं ते नोव्हेंबर २०१३ मध्ये, वानखेडेवर, त्याच्या दोनशेव्या आणि शेवटच्या कसोटीत.

दबाव कुठवर जाऊ शकतो हे जगाला सगळ्यात आधी टेनिसने दाखवलं. तिथे खेळाडू एकटा असतो, तेराव्या-चौदाव्या वर्षी पैसे कमावू लागतो, आणि बाप हाच कोच, मॅनेजर, खजिनदार असतो. मेरी पिअर्सचा बाप जिम प्रेक्षागृहातून इतका धिंगाणा घालत असे की १९९३ मध्ये महिला टेनिस संघटनेला त्याच्यावर बंदी घालावी लागली आणि तसा नियम करावा लागला. येलेना डोकिचने १९९९ मध्ये सोळाव्या वर्षी विम्बल्डनला पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित मार्टिना हिंगिसला हरवलं. पुढच्या वर्षी ती तिथे उपांत्य फेरीत हरली तेव्हा बाप दामिरने तिला हॉटेलवर यायला मनाई केली आणि ही मुलगी रात्री खेळाडूंच्या कक्षातच लपून बसली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये सॅल्मन माशाच्या किमतीवरून तमाशा करणारा बाप म्हणून दामिर बातम्यांत आला आणि लोक हसले. पट्ट्याने मारहाण, शिव्या, थुंकणं हे सगळं तिने २०१७ च्या पुस्तकात लिहिलं तेव्हा त्या हसण्याची लाज वाटायला हवी होती. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदा वर्षं पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली आणि चार वर्षांत कोर्टाबाहेर फेकली गेली. त्यानंतर संघटनेने किती वयाच्या मुलीने वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा आणल्या. कॅप्रियाती पुढे २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, ही तिची जिद्द. नियम तिच्या नंतरच्या मुलींच्या कामी आला.

आणि क्रिस्तोफ फोव्हियो. नैर्ऋत्य फ्रान्समधला हा माजी सैनिक आपल्या मुला-मुलीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पाण्याच्या बाटल्यांत झोपेचा अंमल आणणारं औषध मिसळायचा. गावपातळीवरच्या स्पर्धा, किरकोळ बक्षिसं. २००३ मध्ये असा एक तरुण खेळाडू सामन्यानंतर गाडी चालवत घरी जाताना गुंगीत अपघात होऊन मेला. फोव्हियोला २००६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. त्याची मुलं यातलं काही जाणत नव्हती.

आपल्याकडचं टोकाचं प्रकरण ओडिशातलं. मे २००६ मध्ये चार वर्षांचा बुधिया सिंग पुरी-भुवनेश्वर मार्गावर ६५ किलोमीटर सात तास दोन मिनिटं धावला. वडील नव्हते, आई कमालीच्या गरिबीत. पालकाच्या जागी होते ज्युदो प्रशिक्षक बिरंची दास. मे महिन्यातल्या ओडिशात चार वर्षांचं पोर धावत होतं, शेवटी कोसळलं, आणि सोबत केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान धावत होते, कॅमेरे होते, दुतर्फा गर्दी होती. राज्य सरकारने नंतर त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली, दास यांचा २००८ मध्ये खून झाला, बुधिया सरकारी क्रीडा वसतिगृहात गेला आणि मॅरेथॉनपटू काही झाला नाही. दास यांनी त्याचं भलं केलं की वाटोळं, यावर आजही दोन तट आहेत. मला त्यात न पडता एवढंच विचारावंसं वाटतं की दुतर्फा उभे राहून टाळ्या पिटणाऱ्या त्या गर्दीला आपण कोणत्या तटात घालणार?

महाराष्ट्रात एवढं टोक सहसा गाठलं जात नाही. इथला दबाव कागदाचा आहे. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही गोष्टी योग्य हेतूने आल्या. पण त्यामुळे ‘पोरगं कसं खेळतं’ या प्रश्नाची जागा ‘कोणत्या लेव्हलचं सर्टिफिकेट आहे’ या प्रश्नाने घेतली. मग ज्या खेळात स्पर्धक कमी तो खेळ पोरासाठी शोधला जातो, आणि त्याच्याही पुढे जाऊन ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याचं प्रकरण राज्यात उघडकीस येतं. ज्यांनी ट्रॅम्पोलिनवर कधी उडीही मारली नाही असे उमेदवार सरकारी यादीत झळकले.

वयचोरी हा याच कागदाचा दुसरा चेहरा, आणि पालकांच्या दबावाचा सगळ्यात शांत नमुना. इथे कुणी ओरडत नाही, मारत नाही. फक्त एक दाखला बदलतो. चौदा वर्षांखालच्या सामन्यात सोळा वर्षांचा मुलगा खेळला की खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचा चेंडू सीमेपार जातो आणि त्याचा बाप घरी जाऊन विचार करतो की आपण तेवढे मूर्ख ठरलो. राहुल द्रविडने २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात वयचोरीला मॅचफिक्सिंगच्या पंक्तीला बसवलं. तो बोलला ते वर्मावर होतं, कारण यात मुलाला सगळ्यात आधी शिकवला जातो तो खोटेपणा, आणि शिकवणारे त्याचे आईबाप व सर असतात. क्रिकेट मंडळ मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतं. टीडब्ल्यू-३ हे त्या चाचणीचं नाव आता मैदानावरच्या आयांनाही पाठ आहे. १९ वर्षांखालचा विश्वचषक एकदाच खेळता येईल असंही मंडळाने ठरवलं. जम्मू-काश्मीरचा रसिक सलाम २०१९ मध्ये जन्मदाखल्यावरून दोन वर्षांसाठी निलंबित झाला. शिक्षा झाली ती मुलाला. जन्मदाखला काही मूल काढायला जात नाही.

वय खरं असलं तरी सगळ्यांना सारखी संधी मिळते असं नाही. आपल्या ज्युनिअर क्रिकेटमध्ये वयोगटाची तारीख १ सप्टेंबर आहे. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात मोडतात, मध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर. बाराव्या-तेराव्या वर्षी त्या एका वर्षात मिसरूड फुटते, खांदे भरतात. निवड समितीला जो दिसतो तो बहुतेकदा आधी वाढलेला मुलगा असतो आणि त्याला ‘टॅलेंट’ हे नाव मिळतं. ऑगस्टच्या मुलाच्या बापाला हे गणित कुणी समजावून सांगत नाही. तो पोराच्या सरावाचे तास वाढवतो.

आणि तास वाढले की शरीर बोलू लागतं. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यांना ताणाने चिरा पडतात, हे क्रीडावैद्यकातलं जुनं ज्ञान. इंग्लंडच्या मंडळाने कोवळ्या गोलंदाजांनी एका दमात आणि दिवसात किती षटकं टाकायची ते वयानुसार ठरवून दिलं आहे. आपल्याकडे तोच मुलगा सकाळी शाळेसाठी, दुपारी क्लबसाठी आणि संध्याकाळी अकादमीच्या नेटमध्ये टाकतो. तिन्ही ठिकाणचे सर वेगळे, षटकांची एकूण बेरीज कुणाच्याच वहीत नाही. कुस्तीत वजनगट साधण्यासाठी मुलांचं पाणी तोडलं जातं. जिम्नॅस्टिक्स आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात वजन उतरवण्याच्या नादात मुलींची पाळी थांबते आणि हाडं ठिसूळ होतात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला बांधून टाकू नये. आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सुमारे सहा हजार खेळाडूंचा डेटा एकत्र करून जे मांडलं ते तर पालकांच्या सभेत वाचून दाखवण्यासारखं आहे. लहानपणी चमकणारी मुलं आपल्या खेळाला लवकर लागलेली असतात आणि झपाट्याने वर गेलेली असतात. मोठेपणी जागतिक दर्जा गाठणारे मात्र बालपणी अधिक खेळ खेळलेले, मुख्य खेळाला उशिरा लागलेले आणि सुरुवातीला सावकाश वर चढलेले असतात. चौदाव्या वर्षीचं पदक आणि पंचविसाव्या वर्षीचं पदक यांच्या वाटाच पुष्कळदा वेगळ्या असतात.

याला अपवाद दाखवता येतात आणि तो पालकांचा हक्काचा युक्तिवाद आहे. बुद्धिबळपटू गुकेशने चौथीनंतर नियमित शाळा सोडली, वडिलांनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस बाजूला ठेवून त्याच्याबरोबर देशोदेशी प्रवास केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. नागपूरची दिव्या देशमुख, आईवडील दोघेही डॉक्टर, २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली. वैभव सूर्यवंशीच्या वडिलांनी शेतजमीन विकली आणि २८ एप्रिल २०२५ रोजी चौदा वर्षांच्या पोराने आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकलं. बुद्धिबळात लवकर सुरुवात खरंच लागते, आणि या घरांनी जे सोसलं त्याबद्दल आदरच आहे. मला काळजी आहे ती त्या शतकानंतरच्या सकाळची, जेव्हा कुठल्या तरी गावात आणखी एका बापाने सातबारा काढून पाहिला असेल.

मुलींच्या बाबतीत हा सगळा हिशोब उलटा होतो, म्हणून तो वेगळा मांडायला हवा. आपल्याकडच्या बहुसंख्य मुलींवर खेळण्याचा दबाव नसतो. खेळ सोडण्याचा असतो. आठवीपर्यंत जिल्हा गाजवणारी खो-खोची किंवा कबड्डीची मुलगी दहावीचं वर्ष आलं की मैदानावरून नाहीशी होते आणि तिच्या सरांनाही कारण विचारावंसं वाटत नाही. अशा ठिकाणी मुलीसाठी भांडणारा, भावकीचे टोमणे सोसणारा, पहाटे सोबत मैदानावर जाणारा हट्टी बाप तिला मोकळं करणारा ठरू शकतो. ‘दंगल’ची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं आणि ते खोटं नाही. फक्त त्याच हट्टाने पुढे तिचा कोच कोण, तिचा पैसा कुठे, तिने लग्न कधी करायचं हेही ठरवायला घेतलं की मोकळं करणारा तोच माणूस दारावर पहारा देऊ लागतो. कोणत्या वर्षी बाप मागे सरकतो यावर सगळं अवलंबून असतं. टेनिसपटू व्हीनस आणि सेरेना यांचे वडील रिचर्ड विल्यम्स यांच्या हट्टाच्या पुष्कळ कथा आहेत, पण मुली लहान असताना त्यांनी दोघींना ज्युनिअर स्पर्धांच्या चक्रातून सरळ बाहेर काढलं, ही कथा त्या मानाने कमी सांगितली जाते.

कायद्याचं बोलायचं तर मारहाण आणि छळासाठी २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ७५ वं कलम आहे आणि ते पालकांनाही लागू होतं. त्याहून कमी माहितीची गोष्ट बालमजुरी कायद्यातली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना चित्रपट, जाहिराती यांच्याबरोबर खेळाच्या कार्यक्रमांतही काम करण्याची सवलत दिली, आणि २०१७ च्या नियमांनी तिला अटी घातल्या : दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि कमाईचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदतठेवीत. हे नियम प्रायोजकांच्या टोप्या घालून खेळणाऱ्या मुलांच्या घरी कुणी वाचले असतील असं वाटत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२० मध्ये किमान वय पंधरा ठरवलं, त्यालाही विशेष परवानगीची खिडकी ठेवून.

उपायांत मला सर्वांत जास्त शिकण्यासारखा वाटतो तो नॉर्वे. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ पासून मुलांच्या खेळाचे नियम केले आणि २००७ मध्ये ते मुलांचे हक्क म्हणून नव्याने मांडले. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत निकालाच्या याद्या आणि क्रमवारी नाही. तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. मुलाने काय खेळायचं, किती खेळायचं यात मुलाचं म्हणणं मोजलं जातं आणि नियम मोडणाऱ्या संस्थेवर कारवाई होते. अशाने पोरं लेचीपेची होतील असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१८ आणि २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकची पदकतालिका काढून पाहावी. पन्नास-पंचावन्न लाखांच्या वस्तीचा हा देश दोन्ही वेळा अव्वल होता. त्यांनी आईबापांना प्रवचनं दिली नाहीत. ज्या यादीसाठी आईबाप भांडतात ती यादीच काढून टाकली. अर्थात तिथे मैदान घराजवळ असतं आणि खेळात अपयश आलं तरी पोटापाण्याची चिंता नसते. नुसता नियम उचलून आणला तर इथे अकादमीवाले खासगी याद्या छापतील.

तरी आपल्याकडे एक नमुना आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला. राहणं, खाणं, प्रशिक्षण यांचा मोठा भार सरकारने उचलला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक घेतलं. पदकानंतर वडिलांनी बक्षिसाच्या रकमेवरून जाहीर नाराजी व्यक्त केली, हरियाणाशी तुलना केली, तेव्हा काहींनी नाकं मुरडली. मला ती नाराजी समजते. प्रबोधिनी असूनही नेमबाजीच्या खर्चाचा पुष्कळसा भाग अशा घरांवर पडतोच, आणि ज्याने गुंतवणूक केली तो परताव्याची भाषा बोलणारच.

मला विचाराल तर सुरुवात चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धांपासून करावी. त्या गटात राज्य आणि राष्ट्रीय अजिंक्यपद बंद. खेळ जिल्ह्यापर्यंत, भरपूर सामने, प्रत्येक मुलाला फलंदाजी आणि गोलंदाजी. त्या वयातल्या कोणत्याही प्रमाणपत्राला पुढे गुण किंवा नोकरीसाठी किंमत नाही. निवडीचं पहिलं दार सोळाव्या-सतराव्या वर्षी, आणि ते दरवर्षी नव्याने उघडणारं, म्हणजे ऑगस्टात जन्मलेल्या मुलालाही पुन्हा येता येईल. किट आणि प्रवासाचा खर्च संघटनेचा. आपल्या क्रिकेट संघटनांकडे पैसा नाही असं कुणी म्हणू नये. अकादमीला नोंदणी सक्तीची, आणि गोलंदाजाच्या षटकांची एकच वही, जी मुलाबरोबर शाळा, क्लब, अकादमी अशी फिरेल. याला विरोध अकादमीवाले करतील, संघटनांतले काही जण करतील. पण सगळ्यात मोठा विरोध आज बारा-तेरा वर्षांचा, फॉर्मात असलेला मुलगा ज्यांच्या घरी आहे ते आईबाप करतील. त्यांनी घातलेले पैसे या दोन वर्षांतच वसूल व्हायचे आहेत, आणि नियम बदलायचा असेल तर तो त्यांच्या पोराचं सिलेक्शन झाल्यावर बदला, असं ते म्हणतील.